पाऊण मिलिमीटर

आंघोळ झाल्यावर विनोदिनीने ओला टॉवेल गीझरकडून येणाऱ्या नळीवर टाकला आणि तिचा हात तिथेच राहिला. ह्या घरात राहायला आल्यापासून ती रोज ह्याच नळीवर टॉवेल टाकत आली होती. दाराला हूक होते, सर्वेशने म्हापशाहून हौसेने आणलेली स्टीलची दांडीही भिंतीला होती, पण हात जायचा तो नळीवरच. गरम असते, लवकर वाळतो, असं एक कारण तिने मनाशी कधीतरी देऊन ठेवलं होतं. आज टॉवेलाच्या भाराने नळी खाली गेली, अगदी केसभर, आणि भिंतीत शिरते तिथला चुना किंचित कुरकुरला. बाकी काही झालं नाही. अगं बाई, तूसुद्धा! नळी किती जाड हवी आणि किती पातळ चालेल हे ठरवण्याचा पगार घेतेस तू, आणि तूसुद्धा! तिने टॉवेल उचलला, आणि तो हातात धरून ती तशीच ओल्या फरशीवर उभी राहिली. कुठे टाकावा ते तिला सुचेना.

बाहेरून सर्वेशने हाक मारली, "विनू, च्या थंड जाता गो!" ती टेबलाशी येऊन बसली. पोदेराकडचे उंडे पाव बशीत होते, कालचं चण्याचं तोणाक गरम करून ठेवलं होतं, पण तिने पाव नुसताच तोडून बशीत ठेवला. सर्वेशने वर्तमानपत्र खाली केलं. "आज द्यायचं ना तुला ते? नळ्यांचं?" ती "हं" म्हणाली. "मग दी आनी मोकळी जा. पुस्तकात आसा तें बरय, आपल्या मनचं नको. तुला कोण विचारणार?" सर्वेश चांगला माणूस होता. चांगल्या माणसांची हीच पंचाईत, घाव दिसला रे दिसला की त्यावर फुंकर घालतात, मग काटा आत राहिला तरी चालेल. पुस्तकात आहे ते लिही! अहो, पुस्तकात होतं तेच तर लिहिलं होतं.

द्यायचं होतं ते इतकंच, एका नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकोनात एक आकडा. दहा किंवा चाळीस. नळ्यांच्या भिंतीची जाडी अशा नंबरांनी सांगतात, दहा नंबर पातळ, चाळीस नंबर जाड. गणेश चवथीच्या आदल्या दिवशी कारखान्यातली कॉस्टिक सोड्याची लाईन फुटली होती, ती काढून आता नवी घालायची होती. तिचा साहेब प्रवीण आठवडाभर पाठीस लागला होता. काल संध्याकाळी तो तिच्या टेबलाशी येऊन, आवाज खाली घेऊन म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत आकडा दे. मुंबईचा नळ्यांचा व्यापारी थांबलाय. आणि दहाच दे हो, डोकं लढवू नकोस. पुढच्या आठवड्यात सरकारी तपासनीस येतो. तो पहिलं काय विचारील? नवी नळी कसली घातली? होती तीच घातली म्हटलं की विषय मिटला. नळी बरोबर होती, माणूस चुकला. जाड घातली म्हटलं की तो विचारील, का? आहे उत्तर तुझ्यापाशी? झाकली मूठ सव्वा लाखाची, विनोदिनी."

माणूस म्हणजे ओंकार. त्या लाईनीवर काम करणारा, मूळचा बांद्याकडचा, आता धारगळला भाड्याच्या दोन खोल्यांत आईबापांबरोबर राहणारा ओंकार, ज्याचे दोन्ही डोळे त्या कॉस्टिकने नेले. नळी बरोबर ठरली की तो चुकला. तो चुकला की त्याची नोकरी गेली, कामावरचा अपघात म्हणून मिळायचा तो आधार गेला, आणि पुढचे सगळे उपचार म्हाताऱ्या बापाच्या गळ्यात. वर कपाळी शिक्का, की आंधळा झाला तो स्वतःच्या आगाऊपणाने. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. प्रवीणला चोर कोण त्याचा संशय होता, पण संशयाला जागा दिली की तो घर मागतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. विनोदिनीला संशय नव्हता. तिला माहीत होतं.

लोखंडाच्या नळीचं बरं असतं. ती गंजणार हे धरूनच चालायचं, म्हणून लग्नाच्या पंगतीत चार पानं जास्त धरावीत तशी भिंतीला थोडी जाडी जास्त द्यायची. खाऊ दे गंजाला काय खायचं ते. पण गरम कॉस्टिकला लोखंड चालत नाही. त्याला निकेलचा मिश्रधातू लागतो, तो न गंजणारा, आणि किंमत विचाराल तर सोनाराकडून घेतल्यासारखी. जे गंजतच नाही त्याला जास्तीची जाडी कशाला? पुस्तक म्हणतं, नको. विनोदिनीने गणित केलं होतं, दोनदा केलं होतं. आतल्या दाबाला अर्धा मिलिमीटरसुद्धा लागत नव्हता. दहा नंबरची भिंत त्याच्या चौपट होती. मग तिने सगळ्या लाईनीला दहा लिहिलं. मोठ्या नळीला लिहिलं ते ठीकच होतं. पण त्या मोठ्या नळीतून मध्येच एक बारकी फांदी निघून शेडमध्ये पत्र्याखालून आडवी जात होती, पाऊण इंची, टोकाला तोटी असलेली, तिलाही दहाच लिहिलं. दोन आकडे कशाला, एकच बरा, मागवायला सोपं. तिचा पहिला साहेब मधुकर शेणवी असता तर त्याने तिथे पेन आपटलं असतं. मोठ्या नळ्या तो हव्या तितक्या पातळ करायचा, पण बारक्या नळीला चाळीसच्या खाली कधी उतरला नाही. "दाबाक न्हय गो, मनशांक भिऊन," असं तो म्हणायचा. "बारकी नळी दिसली की माणूस तिच्यावर पाय देतो, शिडी टेकतो, जेवणाचा डबा अडकवतो. लाव तू हव्या तेवढ्या पाट्या." तेव्हा विशीतल्या विनोदिनीला ते म्हाताऱ्याचं भय वाटलं होतं, आणि घरी येऊन तिने त्याची नक्कल करून सर्वेशला हसवलं होतं. सर्वेश तेव्हा नवरा नव्हता, व्हायचा होता. ते दोघं खूप हसले होते.

दहा आणि चाळीसमध्ये त्या बारक्या नळीपुरता फरक पाऊण मिलिमीटरचा. तेवढ्या जागेत आपण राहतोय, असं तिला गेल्या काही दिवसांत वाटू लागलं होतं. झोपताना, लेकीची, तनयाची वेणी घालताना, भाजीवाल्याशी बोलताना, त्या पाऊण मिलिमीटरमध्ये अंग आवळून उभं राहायचं. तिथे हवा नव्हती.

ती गाडी घेऊन निघाली ती कारखान्याकडे वळायचं सोडून धारगळच्या रस्त्याला लागली. ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर गेली नसती, खरं म्हणजे. ओंकार इस्पितळातून घरी आल्यापासून ती त्याच्याकडे गेली नव्हती. कारखान्यातले सगळे जाऊन आले, पाय ओढत, सफरचंदं घेऊन. ती मात्र आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिली. कोलवाळचा पूल लागला. खाली नदी भरतीने फुगलेली होती, गढूळ. मागे बसची घाई, पुढे खडीचा ट्रक. त्या ट्रकच्या मागच्या फळीला लिंबूमिरची बांधलेली पाहून तिला हसू आलं आणि मग ते तोंडातच कडू झालं. आपली माणसं बांधायला जागा शोधत असतात. एवढंसं काही आडवं दिसलं की पुरे. लिंबू बांधतील, तोरण बांधतील, पाळणा बांधतील. हे काय मधुकर शेणव्याने सांगायला हवं होतं? ती हळर्णची मुलगी होती ना! चवथीच्या आदल्या दिवशी तिचे वडील सगुणबाब देवाच्या वर टांगायची माटोळीची चौकट वाशांना बांधायचे, आणि फळं बांधण्याआधी त्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून स्वतः लोंबकळायचे. पाय पोटाशी घेऊन, डोकं मागे टाकून, वर बघत. "पयलीं हांव, मागीर देवाचीं फळां," असं म्हणायचे. माझा भार पेलला तर देवाच्या नारळांचा पेलेल. विनोदिनी आणि तिचा भाऊ खाली उभे राहून टाळ्या पिटायचे. वासा करकरायचा आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, पडशात हां! ते कधी पडले नाहीत. वासे जुने होते, फणसाचे, मांडीएवढे जाड.

आणि म्हणूनच तिला त्या अपघाताच्या दुपारचं सगळं लख्ख आठवत होतं. कारखाना बंद ठेवता येत नव्हता, कॉस्टिक चालू होतं, आणि शेडमध्ये कामगारांचा गणपती बसायचा होता. शेडला वासा नाही, छताला पत्रा. मग चौकट बांधायची कुठे? वरून ती बारकी चकचकीत नळी आडवी जात होती, जणू त्यासाठीच घातल्यासारखी. ओंकारने काथ्याची दोरी टाकून चौकट तिला बांधली. रानातली फळं त्यालाच कळायची, कांगलां आणि कवंडळं तोच आणायचा, म्हणून माटोळी दरवर्षी त्याचीच. विनोदिनी शेडमधून जाताना थांबली होती. तिनेच आदल्या दिवशी त्याला सांगितलं होतं, कांगलां मिळाली तर घरासाठी चार मलाही आण रे. त्याने वरून हात करून म्हटलं, "मॅडम, हाडलंय हां तुमची." आणि ती हसली. वर पाहिलं, चौकट पाहिली, दोरी पाहिली, दोरीखालची नळी पाहिली. आपली नळी. आपण लिहिलेला आकडा. तिला वडील आठवले आणि ती हसून पुढे गेली. ऑफिसात पोचून ती खुर्चीत बसत होती तेव्हा ओंकारने फळं बांधण्याआधी चौकट दोन्ही हातांनी धरली, पाय पोटाशी घेतले, डोकं मागे टाकून वर पाहिलं. आमच्याकडे सगळे असंच करतात. फांदी मोठ्या नळीला जिथे जोडली होती तिथे चिरली, आणि उकळतं कॉस्टिक थेट त्या वर केलेल्या चेहऱ्यावर आलं. किंकाळी ऑफिसपर्यंत आली. विनोदिनीला आधी वाटलं, कोणीतरी गणपतीचा जयजयकार केला.

धारगळला हमरस्त्याच्या कडेला, टायरवाल्याच्या मागे ते घर होतं. वरून विमान गेलं तसा पत्रा थरथरला. अंगणात ओंकारचा बाप बाबुराव दोन खांब पुरून काहीतरी ठोकत होता. खाणीवरचे ट्रक चालवून त्याची पाठ वाकली होती, खाणी बंद झाल्यावर तो दुसऱ्यांच्या शेतात जाऊ लागला. तिला पाहून तो हातोडी टाकून धावत आला. "ये गो बाय, ये. भायर कित्याक उभी? पार्वती, खुर्ची घेवन ये!" ओंकारची आई खुर्ची घेऊन आली, पदराने पुसली, आणि चहा ठेवायला आत गेली. कोणी रागावलं नव्हतं. कोणीतरी रागवा रे, असं विनोदिनीला ओरडून सांगावंसं वाटलं.

खुर्ची तिनेच आत नेली. ओंकार खाटेवर बसला होता. काळा चष्मा लावलेला, गालावरची कातडी आंबाड्याच्या फळासारखी ताणलेली, चकाकणारी. त्याने आवाजाच्या दिशेने तोंड केलं, पण जरा बाजूला, तिच्या खांद्याशी बोलल्यासारखं. "मॅडम इल्यात? बसा. तुमची कांगलां ऱ्हवली मगो." आणि तो चक्क हसला. विनोदिनीने खुर्चीची दांडी घट्ट धरली. तिने येताना मनात वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडाशी येईना. कसा आहेस, दुखतं का, असलं काहीबाही ती विचारत राहिली. तो नीट उत्तरं देत होता. फार शांत होता. इतका शांत माणूस तिने त्या अपघातानंतर पाहिला नव्हता, स्वतःच्या आरशातसुद्धा नाही. चहा देऊन पार्वती मागच्या दारी भांडी घासायला गेली, तशी त्याने कान देऊन खात्री केली आणि तो पुढे वाकला.

"मॅडम, तुमका एक सांगतंय. आवशीक म्हायत नाय, बापाशीक म्हायत नाय. चवथीच्या आदल्या सकाळी माका बांद्यासून फोन इल्लो. चुलतो गेलो म्हणान. सख्खो न्हय, भावकीतलो, पण सुतक लागताच. ऐकूक नाय तर सुतक नाय, असा म्हणतत ना? मी ऐकलंय, आणि ऐकूक नायसा केलंय. घराकडे गणपती येवचो होतो, आवशीन नेवऱ्यो करून ठेवल्यान. कंपनीत माटोळी बांधूक दुसरो कोण नाय. म्हटलंय, जांव दे, कोणाक कळता? त्याच हातांनी मी देवाच्या डोक्यार माटोळी बांधूक गेलंय." त्याने तोंड वर केलं. "देवान बघल्यान. वर तोंड करून होतंय ना मी, तेच्याकडेच. घेतल्यान डोळे." हे सांगताना त्याच्या आवाजात दुःख नव्हतं. हिशेब लागलेल्या माणसाचा आवाज होता तो. "तपासाक कोण येतलो तो विचारतलो तर मी सांगतलंय, चूक माझीच. नळयेचो काय दोष नाय. तुमी काळजी करू नकात."

विनोदिनीला सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचं ओझं कोणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवावं तसं. आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून तिला स्वतःची शिसारी आली, पण ती नंतर, आधी सुटकाच. बघा, सगळं जुळतंय. पुस्तक म्हणतं नळी बरोबर होती, प्रवीण म्हणतो नळी बरोबर होती, आणि ज्याचे डोळे गेले तोही म्हणतो, नळीचा दोष नाही. एकटी आपणच का उलटं धरून बसावं? शिवाय ह्या माणसाला तेच हवंय. डोळे कोणीतरी घेतले, कशापायी तरी घेतले. ह्या एका गोष्टीवर तो ताठ बसलाय, जेवतोय, हसतोय, कांगलांची आठवण काढतोय. ती काढून घेणारी तू कोण? दया म्हणतात ती हीच असेल. नोकरी? नोकरीचं बघू, प्रवीणशी बोलू, काहीतरी करू. ती "आलेच" म्हणून अंगणात आली आणि तिने फोन लावला. दहा. एवढा एक शब्द बोलायचा होता. प्रवीण पलीकडून घाईत कुजबुजला, "मीटिंगमध्ये आहे, पाच मिनिटांत करतो." तिने फोन हातात धरून ठेवला. शब्द जिभेवर होता, चोखायच्या गोळीसारखा, थोडा गोडच.

"बाय, जरा हेच्यार नजर घाल गो," बाबुराव तिला मागच्या दारी नेत म्हणाला. "तू इंजिनेर आसस." मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत त्याने कमरेइतक्या उंचीवर आडवी नळी बसवली होती, ओंकारला धरून एकट्याने जाता यावं म्हणून. प्रत्येक वेळी आवशीक हाक मारूक लाजता तो, बाबुराव म्हणाला. नळी चकचकीत होती, चांदीसारखी. हमरस्त्यावरच्या दुकानातून आणली होती. "दुकानदार म्हणालो, पावसात ऱ्हवली तरी कधी गंजूची नाय. बरी आसा मगो?"

तिने नळीवर हात ठेवला. ठेवायला नको होता, पण हात जातोच. तळव्याखाली ती गार आणि गुळगुळीत होती, पडद्याची दांडी करतात त्यातली. तिने मधोमध जरा जोर दिला आणि नळी वाकली, सोडल्यावर परत सरळ झाली नाही. आणि मग ती बोलू लागली, एखाद्याला धंद्यातलं काही विचारलं की बोलतो तशी, न अडखळता. "ही नको, बाबुराव. गंजणार नाही हे खरं, पण न गंजणं म्हणजे मजबूत असणं नव्हे. जाड घ्या. पाण्याची लोखंडी घ्या, जाड, रंग मारा हवा तर."

"पण हेका नुसतो हात ठेवूक होयी," बाबुराव म्हणाला. "भार खय घालतलो तो?"

"हात ठेवतो तिथे माणूस भारही घालतो. पाय घसरला की सगळाच घालतो. नळी करायची ती त्या दिवसासाठी करायची." हे बोलत असतानाच तिला कळलं की हा आवाज मधुकर शेणव्याचा आहे, जो तिने एकदा नक्कल करून दाखवला होता. तिने मान वर केली. मागच्या दारात, चौकटीला धरून ओंकार उभा होता.

"मॅडम," तो म्हणाला, "आणि कंपनीतली? ती पण गंजणारी नव्हती ना?" मग त्याने विचारलं, "ती जाड होती ना?"

दाबाला पुरेशी होती. हे वाक्य आयतं तयार होतं, धुतलेलं, इस्त्री केलेलं, कुठल्याही तपासात टिकणारं, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. विनोदिनीने ते म्हणायला तोंड उघडलं. बाबुराव हातोडी घेऊन बघत होता. पार्वतीचा भांडी घासणारा हात थांबला होता. सगळे तिच्याकडे बघत होते, फक्त ज्याने विचारलं तो सोडून. तो तिच्या खांद्याच्या जरा पलीकडे, कुंपणाच्या जास्वंदीकडे तोंड करून वाट पाहत होता.

"नाही रे," ती म्हणाली. "पातळ होती. मीच ठरवली होती. आणि तू तिला चौकट बांधताना मी पाहिलं, नि काही बोलले नाही. जाड असती तर तू लोंबकळला असतास तरी तिला काही झालं नसतं."

"किती जाड?"

"पाऊण मिलिमीटर."

"म्हणजे केवढा?"

तिने बोटांच्या चिमटीत दाखवायला हात वर केला आणि तो तसाच खाली आणला. मग ती पुढे गेली, त्याचे दोन्ही हात धरले, आणि एका अंगठ्याचं नख दुसऱ्या अंगठ्याच्या नखावर ठेवलं. "एवढं. दोन नखं एकावर एक." त्याचे हात उबदार होते. तो नखं दाबून बघत राहिला.

"आणि सुतक?" त्याने हळूच विचारलं.

"त्याचा काही संबंध नव्हता, ओंकार."

"कसला सुतक?" बाबुराव म्हणाला. पार्वती उठून उभी राहिली, तिच्या कोपरांपर्यंत राख होती. "कसला सुतक रे?" तेवढ्यात विनोदिनीचा फोन वाजू लागला. "फोन वाजता, मॅडम," ओंकार म्हणाला. तिने तो कानाला लावला. प्रवीण म्हणाला, "हं, बोल. किती?" ती म्हणाली, "चाळीस." प्रवीणने आवाज आणखी खाली घेतला. मग, "परिणाम ठाऊक आहेत ना तुला? लेखी मागतील. का बदलली म्हणून." "लेखीच देते," ती म्हणाली. "पूर्वीची पातळ होती म्हणून. मी पातळ लिहिली म्हणून." तो काहीतरी बोलत होता, तिने फोन बंद केला. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता आला, आणि ती ओंकारकडे वळली. आता ह्याची नोकरी टिकेल, ह्याच्यावर बोल येणार नाही, निदान एवढं तरी त्याला सांगावं. त्याच्या चेहऱ्यावर थोडं काहीतरी हलकं दिसेल, अशी तिची वेडी आशा होती.

तो दारातच उंबऱ्यावर खाली बसला होता. काळा चष्मा नाकावरून घसरला होता आणि त्यामागचं पांढरं, दुधट काही उघडं पडलं होतं, ते झाकायचं त्याला सुचलं नव्हतं. मघाची ती शांती कुठे गेली होती कोण जाणे. दोन्ही अंगठे एकमेकांवर ठेवून तो नखाने नख दाबत होता, पुन्हा पुन्हा.

"म्हणजे देवान काय करूक नाय," तो म्हणाला. "मॅडम, म्हणजे माझे डोळे असेच गेले. उगीच."